ओल्या पंच्याखालची पेटी

सिगारला भोक पडलं होतं. टाचणीने टोचावं एवढंसं. आठवडाभर आमच्या बेलवलीतली लाईट येत-जात होती, आज सकाळी पुरतीच गेली, ट्रान्सफॉर्मर उडाल्याचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, आणि बेडरूममधला एसी बंद पडला म्हणून मी सिगारची पेटी उचलून स्वयंपाकघरात आणली. ओट्याखालची फरशी म्हणजे घरातली सगळ्यात गार जागा. तिथे ठेवली आणि सहज झाकण उघडलं, तर वरच्याच सिगारच्या पोटात ते भोक, आणि खाली चिमूटभर तपकिरी भुकटी. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. भोक होतंच. झाकणाच्या आतल्या अंगाला आतली उष्णता दाखवणारी, घड्याळासारखी एक तबकडी आहे, तिचा काटा मी रोज सकाळी बघते, खरं सांगायचं तर देवाच्या आधी बघते. तो काटा पार उजवीकडे सरकला होता. एप्रिल संपत आला की बदलापूरचं काय होतं ते बदलापूरच्या माणसालाच विचारावं. टीव्हीवाल्यांना आमचं गाव ह्याच दिवसांत आठवतं, आणि तेही उन्हासाठी. मी तशीच फरशीवर बसून राहिले. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला हाक मारावी, अहो, किडा लागला हो, म्हणून सांगावं असं अगदी ओठांपर्यंत आलं, आणि मग आठवलं की सांगून उपयोग नाही. एका सिगारपायी बाई फरशीवर बसून राहिली, असं कुणालाही वाटेल. वाटू दे.

ह्यांना विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांचं त्याला मोठं नाव आहे, ते आमच्या मुलाला, अनीशला, पाठ आहे. मला नावाशी काय करायचंय? दिनानाथ हे नाव आपलं आहे हे ह्यांना आता कळत नाही, आणि कुमुदिनी नावाची कुणी बाई आपल्या घरात असते हेही नाही. दिवसभर खुर्चीत बसतात, मांडीवरच्या पायजम्याची सुरकुती बोटांनी सरळ करत. बोलत नाहीत. भात कालवून दिला की खातात, उठा म्हटलं की उठतात, आणि मी एकदम जवळ गेले की कधीकधी दचकतात. त्या दचकण्याची मला अजून सवय झालेली नाही, होणारही नाही. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मी ती पेटी त्यांच्या मांडीवर ठेवते, झाकण उघडते, ते खाली वाकून एक मोठा श्वास घेतात आणि माझा नवरा परत येतो. कपातला चहा निवेपर्यंत असतो, मग जातो. पण येतो. "भूपेश, बॉयलरचं प्रेशर बघ आधी." "चलन नसेल तर गाडी गेटच्या बाहेर सोडायची नाही, कोणाचा बाप आला तरी." तोच आवाज, खणखणीत, जरा चिडका, अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यात अख्खी शेड ज्या आवाजाला वचकून असायची तो. भूपेश त्यांचा शिफ्टचा सुपरवायझर. तो नोकरी सोडून गावी गेला त्यालाही जमाना झाला. कधी मी भूपेश असते, कधी ऑफिसातली टायपिस्ट. "घरी फोन करून सांगा, मला उशीर होईल, जेवायला थांबू नका." मी म्हणते, सांगते सर. माझाच निरोप, मलाच. नोकरीच्या दिवसांत हा निरोप आला की मी रिसीव्हर आदळायचे आणि भरलेली ताटं तशीच झाकून ठेवायचे. आता तोच निरोप ऐकायला मिळावा म्हणून दिवसभर काटा सांभाळत बसते. कर्म माझं, दुसरं काय.

अनीश ह्याला वेड म्हणतो. तोंडावर नाही म्हणत, 'आई, तुझ्यावर ताण येतोय' असं म्हणतो. पुण्याला असतो तो. तिकडे त्याने एक जागा बघून ठेवली आहे, अशा माणसांना सांभाळणारी. बाग आहे, नर्सेस आहेत, भिंतींना म्हणे मुद्दाम फिकट रंग दिलाय. "आई, त्यांना कळत नाही ते कुठे आहेत. मग इथे काय नि तिथे काय?" मी म्हटलं, "ते बोलतात रे संध्याकाळी." "आई, तुला तसं वाटतं." मला वाटतं! म्हणजे एवढी वर्षं ज्या माणसाचा आवाज जिन्यातून ऐकून मी गॅस पेटवला, तो आवाज मला वाटतो! फोनवरच माझा आवाज चढला. मग तो म्हणाला, बरं, शनिवारी येतो गाडी घेऊन, संध्याकाळपर्यंत थांबतो, बाबा बोलले तर हा विषय पुन्हा काढणार नाही. आणि नाही बोलले तर, हे त्याने म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. आज शुक्रवार. त्या टाचणीएवढ्या भोकातून माझं काय काय निघून जाणार होतं ते मला फरशीवर बसल्या बसल्या दिसलं.

तशी ही पेटी माझी सवतच. कारखान्यात नवीन मशीन बसवायला एक स्पॅनिश इंजिनिअर आला होता, उंच, लालबुंद, भुवया पांढऱ्या. महिनोन् महिने राहिला आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला. सोड्यांची खिचडी बोटं चाटून खायचा आणि घाम पुसत हसायचा. जाताना ह्यांच्या हातात सिगार ठेवून गेला, आणि ज्या माणसाने कॉलेजात असताना विडीसुद्धा ओढली नव्हती त्याला वयाच्या चाळिशीत हा शौक लागला. रविवारी संध्याकाळी, एकच, गॅलरीत, दार लावून. घरात ओढायची नाही ही माझी सक्त ताकीद. तंबाखूला जपावं लागतं म्हणे, फार कोरडं नको, फार ओलं नको, आणि गरम तर नकोच नको. मग उल्हासनगरच्या धर्मेशभाईंना गाठलं. ते कारखान्याला पॅकिंगचे खोके पुरवायचे, आणि उल्हासनगरात न मिळणारी वस्तू अजून कारखान्यातून निघायची आहे अशी त्यांची खात्री. त्यांनी फर्निचर बाजारातल्या एका सुताराकडून फोटोवरून ही पेटी करून घेतली, आतून देवदाराचं अस्तर, पितळी बिजागऱ्या, झाकणात ती तबकडी, कोपऱ्यात ओलाव्यासाठी छोटी जाळीची डबी आणि तिच्यात स्पंज. सिगारही तेच आणून देत राहिले. पहिल्याच मे महिन्यात मी शहाणपणा केला, उन्हाने खराब होतील म्हणून सगळ्या सिगार फ्रिजमध्ये ठेवल्या, सोड्यांच्या बरणीशेजारी. रविवारी गॅलरीत ह्यांनी काडी लावली, एक झुरका घेतला, आणि दार उघडून आत आले ते चेहरा असा करून की मला हसू आवरेना. "कुमुद, ही सिगार आहे की कोळंबी?" त्यानंतर दोन दिवस अबोला. आणि तिसऱ्या दिवशी एसी! मी किती वर्षं म्हणत होते, पश्चिमेची खोली आहे, भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, तेव्हा ह्यांचं उत्तर ठरलेलं, खिडकी उघडी ठेव. ह्या घरात एसी आला तो पेटीसाठी. तिच्या कृपेने मी गारव्यात झोपले.

धर्मेशभाईंनाच फोन लावला. आता दुकान मुलं बघतात, ते नुसते गल्ल्यामागे बसतात, पण फोन उचलतात पहिल्या रिंगला. मी भोकाचं सांगितलं तर म्हणाले, "भाभी, तो कीडा बाहेरून नाही येत. अंदरच असतो. पानामध्ये बारीक अंडं, शुरूपासून. थंड आहे तोपर्यंत झोपलेला. गरमी झाली की उठतो." मी विचारलं, बाकीच्यांतही असेल का? "असेल भाभी. सगळ्यात असेल. तुम्ही काय करा, भोकवाला फेकून द्या, आणि बाकीचे आज के आज थंड करा. फ्रिज?" लाईट नाही म्हटलं. इन्व्हर्टर? त्याची बॅटरी होळीलाच बसली, म्हटलं. "मग मी येतो ना गाडी घेऊन. माझ्याकडे जनरेटर आहे, दुकानात एसी आहे, पेटी घेऊन जातो, सोमवारी आणून देतो." आणि आज संध्याकाळी? आणि उद्या? असं मी म्हटलं. त्यांना माहीत आहे. दिवाळीला भेटायला आले होते तेव्हा ह्यांनी त्यांना ओळखलं नव्हतं, आणि तो एवढा मोठा माणूस जिन्यात थांबून डोळे पुसत होता. मग हळूच विचारलं, "भाभी, दादा माझं नाव घेतात कधी?" घेतात की, म्हटलं, परवाच घेतलं. धर्मेशचे खोके पातळ आहेत, माल फुटतोय, बोलवा त्याला, म्हणून ओरडत होते. ते हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "भाभी, खरंच पातळ होते."

अंडं आतच असतं, शुरूपासून. फोन ठेवल्यावर हे वाक्य डोक्यातून जाईना. मी बाहेर आले तर हे खुर्चीत, गळ्याशी घाम, पण पुसायचं सुचत नाही. मी टॉवेलने पुसला. दचकले. खिडकीबाहेर सगळं पांढरं दिसत होतं, समोरच्या नव्या इमारतीचं हिरवं जाळीचं कापडसुद्धा हलत नव्हतं, कावळा पाण्याच्या टाकीखाली चोच उघडी टाकून बसला होता. पंखा बंद असला की घराचा आवाजच जातो. मग स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि त्यांचा. ह्या माणसाच्या आत केव्हापासून होतं हे? निवृत्त झाले तेव्हा? की त्याच्याही आधी, किल्ल्या सापडत नाहीत म्हणून माझ्यावर डाफरायचे तेव्हा? की लग्नात माळ घालताना खाली बघत होते तेव्हाही ते आत झोपलेलं होतं, गरमी होण्याची वाट बघत? असले विचार भर दुपारी रिकाम्या घरात करू नयेत. मी भोकाची सिगार प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गॅलरीत टाकली, हात धुतले, आणि एकदम मला आईचं लोणी आठवलं.

पेणला आमच्याकडे फ्रिज नव्हता. आई लोणी ठेवायची ते परातीत. परातीत ओली रेती, तिच्यावर लोण्याचं भांडं, भांड्यावर मातीचं मडकं पालथं आणि मडक्यावर ओला पंचा, त्याची टोकं रेतीत खुपसलेली. वारा लागेल अशा खिडकीत. भर मे महिन्यात बोट घातलं तर लोणी घट्ट लागायचं. आता मडकं होतं. गेल्या वर्षीचा माठ, गळ्यापाशी तडा गेला म्हणून मोगरा लावायला ठेवला होता. परात होती. रेती नव्हती, आणि ह्यांना एकटं सोडून खाली जाता येत नाही. मी गॅलरीतून तुळशीला हाक मारली. ती तळमजल्यावर राहते. आमची इमारत जिच्यावर उभी आहे ती जमीन तिच्या सासऱ्यांची, भाताची. अजूनही ती इमारतीच्या आवारात अशी फिरते, जणू बाकीचे सगळे तिच्या शेतात उभे आहेत. समोरच्या बांधकामावरून घमेलं भरून घेऊन वर आली, डोक्यावरून उतरवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रेती कनाला पायजे गो काकू? भिंत बांधतेस?" मी सांगितलं. तिने पेटीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "काकांची बिडीची पेटी? ती थंड ठेवाची?" हो, म्हटलं, ती. "आनि मंग काका बोलतील?" मी मान हलवली. ह्यावर अनीश काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. तुळशी म्हणाली, "मंग बस ना खाली, बघत काय उभी रयलीस," आणि तीच आधी खाली बसून रेती परातीत पसरायला लागली.

दोन वाट्या पालथ्या घालून त्यांच्यावर पेटी टेकवली, म्हणजे लाकडाला रेतीचं पाणी लागू नये. माठ पालथा घातला, अगदी बसला, जणू मापाचाच. पंचा भिजवला. पेटीतला स्पंज सुकून कडक झाला होता. त्याला डिस्टिल्ड वॉटर लागतं, बॅटरीवाल्याकडून आणायचं, साधं पाणी अजिबात चालत नाही हे मला बाराखडीसारखं पाठ. पण बाटली रिकामी होती. मी स्वयंपाकघरातल्या माठातून तांब्या भरला आणि स्पंजावर ओतला. माठात पाडव्यालाच मी वाळ्याची नवी जुडी सोडते, आईही सोडायची. आणि हात कसे असतात बघा, आई लोण्याच्या भोवती जे करायची तेच हातांनी केलं. माठातली ती ओली जुडी काढली, सोडवली आणि वाळ्याच्या मुळ्या पेटीच्या चारी बाजूंनी रेतीवर पसरल्या, माठाच्या आत. तुळशी म्हणाली, काय वास येतो गो. मी म्हटलं, हो ना. हो ना, म्हटलं! एवढी खबरदारी घेणारी बाई मी, सोड्यांचा वास सिगारला लागला म्हणून अबोला सोसलेली, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. गार कसं करायचं एवढंच डोक्यात. आणि वाळा म्हणजे गार. इतक्या लहानपणापासून हे माहीत आहे की त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

दुपारभर मी परातीशी बसले. पंचा सुकला की तांब्याने पाणी शिंपडायचं. माठ पाणी पितो तेव्हा अगदी बारीक आवाज येतो, कान दिला तर. त्या ओल्या मातीच्या वासाने मला पेंग येत होती आणि पेंगेत पेणचं घर येत होतं. असाच उन्हाळा. बघायला येणार म्हणून मला सकाळपासून न्हाऊ-माखू घातलेलं. मी तेव्हा मुख्याध्यापिकांना भेटून आले होते. त्या म्हणाल्या होत्या, जूनपासून ये, पाचवीचे वर्ग घे, पुढचं बघू. ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, योग्य वेळ बघत होते. योग्य वेळ आलीच नाही, त्याआधी ही मंडळी आली. काका, मामा, ह्यांचे थोरले बंधू, आणि मध्ये हे, बुशकोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी माठातलं पाणी घेऊन गेले. खाली बघायचं असतं म्हणून खाली बघत होते आणि मला काय दिसलं? ह्यांच्या मोज्याला भोक. अंगठ्यापाशी. अंबरनाथच्या मोठ्या कारखान्यातला ऑफिसर आणि मोज्याला भोक! मला हसू आलं, मी दाबलं, दाबताना खांदे हलले असतील. मग पोहे झाले, प्रश्न झाले, ते गेले. चार दिवसांनी मुलगी पसंत असल्याचा निरोप आला आणि बाबांनी देवापुढे साखर ठेवली. मला कुणी विचारलं नाही. वाईट वागले असं नाही हो, कुणीच वाईट वागलं नाही. तसा रिवाजच नव्हता. मुलाला विचारायचं, मुलीला सांगायचं. मी जूनमध्ये शाळेत गेले नाही, बदलापूरला आले. संसार चांगला झाला. पण एवढ्या वर्षांत कधी भांडण झालं, कधी ताटं झाकून ठेवायची वेळ आली, की मला ते आठवायचं आणि मी मनात म्हणायचे, विचारलं होतं का मला कुणी? मोठ्याने कधीच नाही. मोठ्याने म्हणून काय झालं असतं?

ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरलं तरी लाईट आली नाही. मी देवापाशी दिवा लावला. मग परातीशी येऊन पंचा काढला, माठ दोन्ही हातांनी उचलला. हात आत घातला आणि खरं सांगते, आतली हवा पेणची होती. पेटी गारगार. काटा परत डावीकडे आला होता, अगदी जिथे पाहिजे तिथे नाही, पण आला होता. सिगार मी एकेक करून बघितल्या, कुणाला भोक नाही. मला इतका आनंद झाला की मी पेटीवरून हात फिरवला, सवतीच्या. आणि मग झाकण नीट उघडून नाक जवळ नेलं, आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. वाळा. नुसता वाळा. देवदार नाही, चामड्यासारखा तो तंबाखूचा वास नाही, भूपेश नाही, बॉयलर नाही, काही नाही. स्पंजातून, लाकडातून, सगळीकडून वाळा. मी काय करून ठेवलं होतं! सोडे परवडले. मी पदराने आत वारा घातला, स्पंज काढून टाकला, एक सिगार हातात घेऊन चोळली. काही फरक नाही. बाहेर खुर्ची करकरली. दिवा लागलेला ह्यांना कळतो, कसा ते मला माहीत नाही, पण दिवा लागला की ते मांडीवरचे हात बाजूला घेतात, पेटीला जागा करून देतात. तसे हात बाजूला घेऊन ते बसले होते. दिवसभरात त्यांनी आपणहून केलेली ती एकच गोष्ट असते. मी पेटी नेली नसती तर तसेच बसून राहिले असते, रिकाम्या मांडीने. मी नेली.

ते वाकले. श्वास घेतला. थांबले. पुन्हा वाकले आणि ह्या वेळी खूप वेळ आत ओढत राहिले. मी चहाचा कप धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, भूपेश म्हणा, काहीतरी म्हणा, शिव्या द्या मला. ते काहीच म्हणाले नाहीत. गेलं, मला वाटलं. उद्या अनीश बघेल, आणि बॅग भरा म्हणेल. मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. अनवाणी पाय. उजवा पाय त्यांनी हळूच उचलला आणि डाव्या पायाचा अंगठा त्याने झाकला.

"पाणी छान होतं," ते म्हणाले. साहेबाचा आवाज नव्हता हा. कोवळा, जपून बोलणारा. हा आवाज मी विसरलेच होते.

"कुणी दिलं?" मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू येईना.

"मुलीने. आत गेली ती." त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. दचकले नाहीत. "तुम्ही ह्या घरातल्याच ना?"

"हो. घरातलीच."

"मग एक बोलू का? ह्या लोकांसमोर बोलता येत नाही." ते पुढे झुकले. "माझ्या मोज्याला भोक आहे. तिने बघितलं. हसत होती."

मी कप खाली ठेवला.

"सगळे मलाच विचारतायत. मुलगी पसंत आहे का, मुलगी पसंत आहे का. दादा तर इथेच हो म्हणून टाक म्हणतोय." त्यांची बोटं झाकणाच्या कडेवरून फिरत होती. "तिला विचारलं का हो कुणी?"

मला वाटतं मी नाही म्हणून मान हलवली.

"विचारा ना. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला सांगेल. मला काही राग येणार नाही म्हणावं. पण विचारा."

विचारते, म्हटलं, आणि आत आले. स्वयंपाकघरात अंधार झाला होता. मी माठाशी उभी राहिले, माठाला कपाळ टेकवलं, आणि मला असा राग आला, असा राग आला की काय सांगू. अहो, एवढा संसार झाला! एवढ्या ताटांवर ताटं झाकली, एक मूल वाढवलं, तुमच्या आईचं शेवटचं सगळं केलं, आणि हे आज विचारता? हे तुमच्या मनात तेव्हा होतं? आत होतं शुरूपासून, आणि मोठ्या भावाच्या धाकाने तोंडातून काढलं नाहीत? की तेव्हा नव्हतंच, आणि हा आजार आता काहीबाही रचून सांगतोय, भोकासकट? पण भोक तर खरं होतं. भोकाचं मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं, लाजतील म्हणून. ह्यांनाही माहीत होतं आणि ह्यांनीही कधी सांगितलं नाही. एका मोज्याच्या भोकावर दोन माणसं जन्मभर पांघरूण घालून बसली. मी रडले. तोंडात पदर धरून, आवाज न करता, पण चांगली रडले. मग डोळ्यांवर पाणी मारलं आणि खरोखरच विचार करायला लागले, त्या मुलीचा, हसू दाबून आत आलेल्या. तिला जूनमध्ये शाळेत जायचं होतं. तिला तो बटण लावलेला मनुष्य आवडला होता का? भोकामुळे थोडा आवडला होता. तेवढ्यावर हो म्हणायचं का? कुणी विचारलं असतं तर तिला तिथल्या तिथे काही सांगता आलं नसतं. तिला वेळ लागला असता, आणि तो वेळ तिला हवा होता.

फुलपात्रात पाणी घेऊन मी बाहेर गेले. पेटी उघडीच होती. कपातल्या चहावर साय धरली होती, एरवी एवढ्यात ते गेलेले असतात. आज वाट बघत होते. पाणी घेतलं, सगळं प्यायले, फुलपात्र दोन्ही हातांनी मला परत दिलं.

"विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"विचार करून सांगते म्हणाली. उद्या संध्याकाळी परत विचारा म्हणाली."

त्यांनी मान डोलावली. चेहरा पडला नाही. उलट काहीतरी सुटल्यासारखे खुर्चीत मागे टेकले. "बरोबर आहे," म्हणाले. "घाई नाही. सावकाश सांगू दे तिला. मी थांबतो."

थोड्या वेळाने त्यांची बोटं पायजम्याच्या सुरकुतीवर परत गेली. मी पेटी मिटली, आत नेली. उद्या अनीश येईल, संध्याकाळी समोर बसेल, आणि त्याचे बाबा काय विचारतात ते त्यालाही ऐकू दे. स्पंज परत माठाच्या पाण्यात बुडवून डबीत बसवला. वाळ्याच्या मुळ्या पेटीभोवती सारख्या केल्या, माठ पालथा घातला, आणि पंचा पिळून त्याच्यावर पसरला. मग गॅलरीत जाऊन तुळशीला हाक मारली आणि सकाळी बाजारातून वाळ्याची एक जुडी आण म्हणून सांगितलं.